इंजिन उतरवणे व स्वच्छ करणे (किट कार)

इंजिन उतरवणे व स्वच्छ करणे हा किट कारच्या घरगुती बांधणीतील एक प्रारंभिक टप्पा आहे. सुट्या भागांच्या संचातून मालकाने स्वतः जुळवलेल्या मोटारीस किट कार म्हणतात. तिचा सांगाडा व बाह्यांग नवे असले, तरी इंजिन, गिअरबॉक्स यांसारखी यंत्रसामग्री पुष्कळदा वापरलेल्या गाडीतून घेतली जाते. अशा गाडीस दाता गाडी म्हणतात. या टप्प्यातील स्वच्छता केवळ शोभेसाठी नसते. इंजिन पुन्हा वापरण्याजोगे आहे की नाही, याची तपासणी तिच्यामुळेच शक्य होते. मात्र ती अर्धवट राहिल्यास सुस्थितीतील इंजिनही निकामी होऊ शकते.

पार्श्वभूमी

किट कारची परंपरा ब्रिटनमध्ये विशेष रुजली. कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने १९५७ मध्ये आणलेली लोटस सेव्हन सुट्या भागांच्या रूपातही विकली जाई. अशा खरेदीवर तत्कालीन खरेदी कर लागत नसल्याने ती स्वस्त पडे. १९७३ मध्ये तिच्या उत्पादनाचे हक्क केटरहॅमकडे गेले. १९९६ मध्ये रॉन चॅम्पियन यांचे कमी खर्चात घरी स्पोर्ट्स कार बांधण्याविषयीचे पुस्तक प्रसिद्ध झाले आणि ‘लोकॉस्ट’ हा प्रकार लोकप्रिय झाला.

या प्रकारासाठी मागील चाकांना चालना देणारी जुनी फोर्ड एस्कॉर्ट ही नेहमीची दाता गाडी होती. तिच्यातील ‘केंट’ घराण्याचे इंजिन प्रथम १९५९ मध्ये फोर्ड अँग्लियामध्ये आले. त्याचे ब्लॉक व हेड दोन्ही ओतीव लोखंडाचे असतात. १९६७ पासूनच्या आवृत्तीत मिश्रण हेडच्या एका बाजूने आत येते व धूर दुसऱ्या बाजूने बाहेर पडतो, म्हणून तिला ‘क्रॉसफ्लो’ म्हणतात.

इंजिन उतरवणे

प्रथम बॅटरीची जोडणी सोडवली जाते. त्यानंतर शीतक व ऑइल वेगवेगळ्या भांड्यांत काढून घेतात. शीतकातील इथिलीन ग्लायकॉल विषारी असून चवीला गोडसर असते. त्यामुळे ते मुले व पाळीव प्राणी यांच्यापासून दूर ठेवावे लागते. बॉनेट व रेडिएटर काढल्यावर वायरी, इंधननळी, ॲक्सिलरेटरची केबल व सायलेन्सरचा पाइप सोडवतात. प्रत्येक वायरला चिठ्ठी बांधणे व छायाचित्रे घेणे उपयुक्त ठरते.

एस्कॉर्टसारख्या गाडीत इंजिन व गिअरबॉक्स एकत्रच वर उचलता येतात. त्यासाठी प्रोपेलर शाफ्ट आधी काढावा लागतो. त्या वेळी गिअरबॉक्सच्या मागील टोकातून ऑइल सांडते, म्हणून ते टोक बंद करतात. इंजिनाचे वजन शंभर किलोंहून अधिक असल्याने क्रेन किंवा चेन पुली वापरली जाते. टांगलेल्या इंजिनाखाली शरीराचा कोणताही भाग नेणे धोक्याचे असते.

मळाची पाहणी

धुण्यापूर्वी मळाचे निरीक्षण करणे आवश्यक असते, कारण मळ हा पुरावा असतो. ऑइलचा ओघळ कोठून सुरू होतो यावरून गळणारे गॅस्केट किंवा सील ओळखता येते. ऑइलच्या झाकणाखाली साय दिसल्यास आत पाणी शिरल्याची शंका येते. मात्र केवळ जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीतही बाष्पामुळे अशी साय धरते.

बाहेरील स्वच्छता

कार्ब्युरेटरचे मुख, धुराची छिद्रे, डिस्ट्रिब्युटरची जागा इत्यादी सर्व उघडी तोंडे प्रथम बंद करतात. मग ग्रीस विरघळवणारे द्रावण लावून ब्रशने मळ सोडवतात व बेताच्या पाण्याने धुतात. तेलकट पाणी गटारात सोडू नये. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियमला खातो व त्या क्रियेत ज्वालाग्राही हायड्रोजन बाहेर पडतो. त्यामुळे पिस्टनसारख्या भागांसाठी तो वर्ज्य आहे.

आतील स्वच्छता

इंजिन खोलताना बेअरिंगच्या टोप्या, टॅपेट व पुशरॉड यांवर क्रमांक घालतात. हे भाग आपापल्या जागी झिजून बसलेले असल्याने त्यांची अदलाबदल करता येत नाही.

ब्लॉकमधील ऑइलमार्गांची बुचे काढून ते लांब ब्रशने व साबणाच्या गरम पाण्याने धुतात आणि दाबाच्या हवेने कोरडे करतात. या मार्गांत राहिलेला बारीक कचरा इंजिन सुरू होताच ऑइलबरोबर बेअरिंगपर्यंत पोहोचतो व क्रँकशाफ्टवर ओरखडे पाडतो. गॅस्केटची बैठक साफ करताना वापरलेल्या खरखरीत चकतीचे कणही असेच घातक ठरतात. सिलिंडर पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर फडके काळवंडत नाही तोवर धुणे चालू ठेवतात. उघडे लोखंड लगेच गंजू लागते, म्हणून सुकताच त्यावर ऑइलचा हात फिरवतात.

सुरक्षितता

जुन्या गाड्यांच्या गॅस्केट व क्लचप्लेटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रिटनमध्ये त्यावर १९९९ मध्ये पूर्ण बंदी आली, परंतु त्यापूर्वीचे भाग आजही आढळतात. त्यांची धूळ श्वासावाटे गेल्यास अनेक वर्षांनी फुप्फुसांचे प्राणघातक विकार उद्भवू शकतात. अशा भागांवर कोरडा तारेचा ब्रश किंवा दाबाची हवा वापरू नये. गॅस्केट ओले करूनच खरवडावे.

इंजिन क्रमांक

ब्लॉकवर कोरलेला क्रमांक घासून पुसट होऊ देऊ नये. घरी बांधलेल्या गाडीची ब्रिटनमध्ये रस्त्यावर आणण्यापूर्वी तपासणी होते. तेथे धुराची कसोटी इंजिनाच्या वयावर अवलंबून असते व ते वय सिद्ध करण्यास हा क्रमांक उपयोगी पडतो.