गोठणगांवची तिबेटी वसाहत

हिंवाळा लागतांच आपल्या शहरांत लोकरी कपड्यांचीं दुकानें मांडणारे तिबेटी लोक आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांनीं पाहिले असतील. यांपैकीं पुष्कळ जण आपल्यासारखेच कास्तकार आहेत, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें.

सन १९५९ मध्यें दलाई लामा हिंदुस्थानांत आले व त्यांच्यामागून हजारो कुटुंबें आलीं. त्यांस शेतीवर बसविण्यासाठीं म्हैसूर सरकारनें १९६० सालीं बैलकुप्पे येथें सुमारें ३,००० एकर जमीन दिली. त्याच धर्तीवर १९७२ सालीं इटियाडोह धरणाच्या परिसरांत, गोठणगांवाजवळ, नोर्ग्येलिंग ही वसाहत झाली. तेव्हां तो मुलूख भंडारा जिल्ह्यांत होता; १९९९ पासून गोंदियांत मोडतो. जव पिकविणाऱ्या व याक चारणाऱ्या माणसांस येथें धानाची रोवणी शिकावी लागली.

अशा वसाहतींची घडी समजून घेण्यासारखी आहे. जमीन सरकारची, ती भाडेपट्ट्यानें मिळते व माणशी हिशेबानें कुटुंबांत वांटली जाते. मशागत ज्याची त्यानें करावी, पीकही ज्याचें त्यानें घ्यावें. ट्रॅक्टर, बियाणें व खत यांची सोय मात्र सहकारी संस्था करिते आणि रक्कम हंगामानंतर वसूल करिते. बैलकुप्प्यास प्रारंभीं जंगलतोड सर्वांनीं मिळून केली. पुढें शेतें कुटुंबवार झालीं. हें आम्हांस शहाणपणाचें वाटतें. बांध कोणाचा हें ठरल्याशिवाय निंदणास कोणी मनापासून वाकत नाहीं.

पट्ट्याची ही जमीन विकतां येत नाहीं, गहाणही टाकतां येत नाहीं. वऱ्हाडांत उलट घडलें. १८६० नंतरच्या कापसाच्या तेजींत जमिनीस किंमत आली, ती विकाऊ झाली, आणि पुढें मंदींत किती शेतें सावकाराच्या खातीं गेलीं हें जुन्या घराण्यांस सांगावयास नको. तिबेटी कास्तकाराचें शेत असें जाऊं शकत नाहीं. पण त्याच कारणानें तारणास दाखविण्याजोगा सातबारा त्याजपाशीं नसतो व बँकेचें दार सहजीं उघडत नाहीं. संस्थेची पत तीच त्याची पत. राज्य सरकारांनीं वीस वर्षांचे पट्टे करून द्यावेत, असें केंद्राच्या २०१४ च्या धोरणांत आहे.

धान मुख्यतः पावसाळी; त्यावर वर्ष निघत नाहीं. म्हणून पीक घरीं येतांच लुधियान्याच्या व्यापाऱ्यांकडून माल उधार उचलावयाचा व शहरें गांठावयाचीं, हा क्रम पडला. आतां माणसें वाढलीं, पट्ट्याची जमीन तेवढीच राहिली. तरुण मंडळी शहरांत व परदेशीं जाऊं लागली, आणि पुष्कळ वसाहतींत शेत मक्त्यानें देण्याची वेळ आली आहे.