रेडिओची भूक

वडनेर भोलजी हे नांदुरा आणि मलकापूरच्या मधलं, हायवेवरचं गाव. हायवेचा नंबर 6 चा 53 झाला, ट्रकांची रांग होती तशीच राहिली. इथल्या रेडिओचा मागोवा घ्यायचा तर स्टेशनांपेक्षा सेलांचा घ्यावा लागतो. जळगाव आकाशवाणी 1976 मध्ये सुरू झाली. 1988 मध्ये नागपूरहून एक हजार किलोवॅटचा ट्रान्समीटर 1566 किलोहर्ट्झवर बोलू लागला. बोलणाऱ्याची ताकद अशी अफाट, आणि ऐकणाऱ्याच्या हातात दीड-दीड व्होल्टचे दोन-चार सेल.

आवाज बसू लागला की सेल उन्हात ठेवायचे, कुणी दातानं दाबून बघायचे. उन्हानं सेल भरत नाही. आतली रासायनिक क्रिया जरा वेग घेते, इतकंच. पण तेवढ्यात संध्याकाळच्या बातम्या उरकत. सेल विकत आणायचे असल्यानं रेडिओ मोजून ऐकला जाई: बातम्या, शेतीचा कार्यक्रम आणि क्रिकेट. गाण्यांवर सेल जाळणारं पोर घरात बोलणी खाई.

विजेवर चालवायला एलिमिनेटर आला, पण त्याची घुंईऽऽ वृत्तनिवेदकाच्या आवाजाच्या वर जायची. शिवाय लोडशेडिंगच्या काळात घरात वीज असेलच याचा नेम नव्हता आणि शेतीची लाइन आली तर रात्री. मग माणूसही रात्री शेतात आणि रेडिओही.

पुढची सोय नोकियाच्या फोनमधून आली. 1100 या टॉर्चवाल्या फोनची बीएल-5सी बॅटरी बाजारातल्या स्वस्त चिनी रेडिओंमध्ये चपखल बसायची. 2007 मध्ये कंपनीनं अशा 4 कोटी 60 लाख बॅटऱ्यांबाबत इशारा दिला, तेव्हा देशभर लोक आपापल्या बॅटरीचा नंबर तपासत बसले. रेडिओवाल्यांचं मात्र या बॅटरीनं भलं केलं. सेलाचा खर्च पहिल्यांदा संपला तो तिच्यामुळे, हे श्रेय तिला कुणी देत नाही.

मग पॉवर बँक आली. दहा हजार मिलिअँपिअर-तासांच्या बँकेत 37 वॅट-तास असतात; व्होल्टेज चढवताना होणारी घट सोडली तरी तीस हाती लागतात. आजचा मोठा फोन तेवढ्यात दोनदाही पुरता भरत नाही. पाव-अर्धा वॅट खाणारा रेडिओ त्यावर साठ ते एकशेवीस तास चालावा. कागदावर. प्रत्यक्षात बऱ्याच बँका थोड्याच वेळात बंद पडतात, कारण पन्नास-शंभर मिलिअँपिअरच्या खाली ओढ गेली की फोन भरला असं समजून त्या झोपतात. खादाड फोनसाठी घडवलेल्या यंत्राला अल्पाहारी रेडिओ जेवतोय हेच कळत नाही.

दुसरी तक्रार खरखरीची. 3.7 व्होल्टचे 5 करताना आतलं सर्किट सेकंदाला लाखो वेळा चालू-बंद होतं, आणि त्याचे पडसाद नेमके मीडियम वेव्हच्या पट्ट्यात पडतात. एफएमला त्याचा त्रास कमी. विमानांचं-पोलिसांचं बोलणं ऐकवणाऱ्या हातातल्या स्कॅनरची गत मीडियम वेव्हसारखीच, कारण विमानांचं 118 ते 137 मेगाहर्ट्झवरचं बोलणं आजही मीडियम वेव्हसारखं एएमवरच चालतं. अर्थात आपल्याकडे स्कॅनर ही हौस कधी रुजली नाही. 1933 चा वायरलेस कायदा परवान्याशिवाय असं यंत्र बाळगूच देत नव्हता. साध्या रेडिओलासुद्धा ऐंशीच्या दशकापर्यंत पोस्टात फी भरून लायसन्स काढावं लागे, तिथे पोलिसांचं बोलणं ऐकायला कोण देणार?

इलाज साधे आहेत. लांब वायर घ्यावी, बँक रेडिओपासून दूर ठेवावी. त्याहून बरं म्हणजे बँकेवर चार्जेबल सेल भरून घ्यावेत आणि रेडिओ त्या सेलांवरच चालवावा. खरखर नाही आणि झोपणंही नाही. हरभऱ्याच्या जागलीला रेडिओ मोठ्यानं लावतात तो रोही आणि रानडुकरं पिकात शिरू नयेत म्हणून. त्यांना खरखर चालते. जागल्याला बातम्याही ऐकायच्या असतात.