खाण्याचा सोडा: फेस आणि त्यामागचे रसायन

खाण्याचा सोडा, म्हणजेच रसायनशास्त्राच्या परिभाषेतील सोडियम बायकार्बोनेट, याचे घरगुती उपयोग कितीही निरनिराळे दिसले तरी ते मुख्यतः दोन गुणधर्मांवर उभे आहेत. पहिला असा, की तो सौम्य अल्कली आहे, म्हणजे आम्लाला निष्प्रभ करतो. आम्लता आणि अल्कता दाखवणारे जे 'सामू' हे माप, ज्यात ७ हा आकडा उदासीन मानला जातो, त्यावर सोड्याचे द्रावण ८.३ च्या आसपास येते. दुसरा असा, की आम्लाशी संयोग झाला किंवा उष्णता मिळाली, की त्यातून कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो.

ढोकळ्याच्या पिठात सोड्याबरोबर ताक किंवा लिंबाचा रस घालण्याची रीत रसायनाच्या दृष्टीने अगदी काटेकोर आहे, कारण पुरेसे आम्ल मिळाले तर सोड्यातील सगळा कार्बन वायुरूपाने मोकळा होतो, तर नुसत्या उष्णतेने त्याच्या निम्माच वायू मिळतो आणि मागे सोडियम कार्बोनेट, म्हणजे धुण्याचा सोडा, उरतो. सोडा जास्त पडलेल्या पदार्थाला येणारी साबणासारखी चव याच शेषाची असते. पिवळ्या ढोकळ्यावर कधी कधी दिसणारे लाल ठिपकेही त्याचीच साक्ष देतात: हळदीतील कुर्क्युमिन हे रंगद्रव्य अल्कलीच्या संपर्कात लालसर होते, आणि सोडा नीट न विरघळता जिथे राहतो तिथे हे ठिपके उमटतात. बेकिंग पावडर ही याच सोड्यात कोरडे आम्ल आणि स्टार्च आधीच मिसळून तयार केलेली असते, म्हणून तिला ताकाची गरज लागत नाही. कडधान्य शिजवताना घातलेला सोडा मात्र वायूमुळे नव्हे, तर अल्कतेमुळे काम करतो. पेशींना जोडून ठेवणारे पेक्टिन त्याने सैल होते, पण त्याच वेळी ब१ जीवनसत्त्वाचाही नाश होतो, हे मऊ शिजलेल्या उसळीचे मोल ठरवताना विसरता येत नाही.

या कुळातील क्षार महाराष्ट्राला नवे नाहीत. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवराचे पाणी सोडियम कार्बोनेट आणि बायकार्बोनेटमुळे तीव्र अल्कधर्मी आहे, त्याच्या काठी साचणारे क्षार पूर्वी गोळा करून विकले जात, आणि काच व साबण बनवण्याची द्रव्ये या भागात मिळतात अशी नोंद अबुल फजलच्या 'ऐन-ए-अकबरी'तही आहे. औद्योगिक उत्पादनाला खरी गती दिली ती बेल्जियमच्या अर्नेस्ट सॉल्व्हे यांनी १८६१ मध्ये शोधलेल्या पद्धतीने, ज्यात मिठाच्या संपृक्त पाण्यात अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड सोडला असता कमी विरघळणारे बायकार्बोनेट तळाशी बसते. गुजरातमधील मिठापूरला सोडा कारखाना असलेली टाटा केमिकल्स ही कंपनी १९३९ पासूनची आहे.

स्वच्छतेच्या बाबतीत मात्र एक गैरसमज दूर करणे अगत्याचे आहे. सोडा आणि व्हिनेगर एकत्र ओतल्यावर उसळणारा फेस पाहून घाण निघत असल्याचा भास होतो. वस्तुतः त्या दोघांनी एकमेकांना निष्प्रभ केलेले असते आणि मागे मुख्यतः पाणी व थोडे सोडियम अ‍ॅसिटेट उरते. तेलकट ओट्यावर सोड्याची ओलसर पेस्ट उपयोगी पडते, कारण तिचे कण मऊ असल्याने ओरखडे न पाडता घासतात. नळावरच्या क्षारांच्या पांढऱ्या थरासाठी नुसते व्हिनेगर हवे. ही दोन्ही कामे वेगवेगळी आहेत आणि ती वेगवेगळीच केलेली बरी.

पोटातील जळजळीवर सोडा घेण्याची सवय अधिक गंभीर आहे. जठरातील हायड्रोक्लोरिक आम्ल त्याने उदासीन होते, आराम लवकर वाटतो, पण पाच ग्रॅम, म्हणजे साधारण चहाचा एक सपाट चमचा सोड्यातून सुमारे १.४ ग्रॅम सोडियम शरीरात जाते, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीचे दिवसभराचे सोडियम दोन ग्रॅमपेक्षा कमी असावे. रक्तदाब, हृदयविकार किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी म्हणूनच हा उपाय डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये, आणि जळजळ वारंवार होत असेल तर कोणीही सोड्यावर विसंबून न राहता तपासणी करून घ्यावी.