सहा व्होल्टचा हॉर्न, बारा व्होल्टची बॅटरी

पावसाळ्यात केळघर घाटात धुकं उतरलं की समोरचा माणूस दिसत नाही. अशा वेळी वळणावर डोळ्यांपेक्षा हॉर्नचाच आधार जास्त. आपल्याच भागातल्या एका शेतकऱ्याकडे आजोबांच्या वेळची विलीज जीप आहे. मुलांनी हौसेने तिची वायरिंग ६ ची १२ व्होल्ट करून घेतली. दिवे लख्ख पडू लागले. हॉर्न तर असा खणखणला की शेजारी दचकले. महिनाभराने घाटातल्या एका वळणावर हॉर्नने नुसती घरघर केली आणि तो बंद पडला. समोरून येणारी एसटी हळू होती म्हणून निभावलं.

महिंद्र कंपनीने मुंबईत १९४७ साली विलीज जीपची जुळणी सुरू केली. त्या काळच्या जीप ६ व्होल्टच्या. आज ६ व्होल्टची बॅटरी आणि बल्ब मिळवताना दमछाक होते, म्हणून लोक १२ व्होल्टकडे वळतात. त्यात गैर काही नाही. पण बॅटरी, बल्ब, डायनामो बदलतात आणि हॉर्न तसाच राहतो. इथेच चूक होते.

हॉर्न का जळतो?

हॉर्नमध्ये तांब्याच्या तारेची कॉइल, पोलादी पडदा आणि दोन पॉइंट असतात. बटण दाबलं की कॉइलचं लोहचुंबक होतं आणि पडद्याला ओढतं. पडदा ओढला गेला की पॉइंट उघडतात, करंट तुटतो, पडदा मागे येतो. हेच सेकंदाला शेकडो वेळा घडतं आणि आवाज निघतो.

व्होल्ट म्हणजे पाण्याचा दाब समजा आणि अँपिअर म्हणजे धार. पाइप तोच ठेवून दाब दुप्पट केला तर काय होईल, हे ठिबकवाल्यांना सांगायला नको. हॉर्नचंही तेच. व्होल्ट दुप्पट झाले की करंट साधारण दुप्पट होतो आणि कॉइलमधली उष्णता चौपट. पॉइंट ठिणग्यांनी जळतात, कॉइलचं वार्निश करपतं.

उपाय पहिला : रेझिस्टर

हॉर्न आधी ६ व्होल्टच्या बॅटरीवर वाजवून अँपिअर मोजा. समजा ५ अँपिअर भरले. आपल्याला वरचे ६ व्होल्ट अडवायचे आहेत. ६ भागिले ५, म्हणजे १.२ ओहमचा रेझिस्टर हवा. त्यात ६ गुणिले ५, म्हणजे ३० वॅट उष्णता होईल. म्हणून ५० वॅटचा, तारेच्या गुंडाळीचा रेझिस्टर घ्या. रेडिओतला बारीक रेझिस्टर क्षणात जळेल. हॉर्नला येणाऱ्या वायरमध्ये तो जोडा आणि पत्र्यावर, पेट्रोलच्या नळीपासून लांब बसवा. बॅटरीकडून येणाऱ्या वायरला फ्यूज हवाच.

विलीजचं हॉर्न बटण अर्थ देतं. स्टिअरिंगमधली वायर सोलून पत्र्याला लागली तर हॉर्न सतत वाजतो, फ्यूजही उडत नाही आणि रेझिस्टर तापतच राहतो. ती वायर आधी तपासा.

उपाय दुसरा : रिवाइंडिंग

जुने हॉर्न स्क्रूचे असतात, उघडता येतात. तुमच्या विहिरीवरची मोटर भरून देणारा कारागीर ही कॉइलही भरून देईल. त्याला एवढंच सांगा : वेढे दुप्पट, तारेचा छेद निम्मा. मग करंट निम्मा होतो, चुंबकाची ओढ तेवढीच राहते, कॉइल पूर्वीइतकीच तापते आणि पॉइंट जास्त टिकतात. जुना हॉर्न जपायचा असेल तर हाच खरा इलाज. रिबिट मारलेला हॉर्न मात्र उघडू नका.

हे करू नका

काही मिस्त्री १२ व्होल्टच्या बॅटरीच्या मधूनच वायर काढतात आणि तीन सेलवर हॉर्न चालवतात. ते तीन सेल जास्त उतरतात, बाकीचे जास्त चार्ज होतात आणि बॅटरी लवकर जाते. दोन ६ व्होल्टचे हॉर्न एकापुढे एक जोडण्याचा प्रयोगही फसतो. दोघांचे पॉइंट एकमेकांचा करंट तोडतात आणि आवाज फाटतो.

गाडी रोज शेतमालाला लागत असेल तर हौस बाजूला ठेवा. १२ व्होल्टचा साधा हॉर्न रिलेसह बसवा, जुना पुसून कपाटात ठेवा. एकापाठोपाठ वेगवेगळे सूर काढणारा किंवा कर्कश हॉर्न १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत चालत नाही, हेही ध्यानात असू द्या. पन्नास वर्षांवरच्या गाडीची २०२१ च्या नियमांप्रमाणे 'व्हिंटेज' म्हणून नोंद करायची असेल, तर चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. अशी नोंद झाल्यावर गाडी रोजच्या कामाला किंवा भाड्याला वापरता येत नाही.

काम झाल्यावर इंजिन चालू ठेवून हॉर्नच्या टोकांवर मीटर लावा. वाजताना ६ ते ७ व्होल्ट दिसले तर रेझिस्टर बरोबर आहे. रिवाइंडिंग केलं असेल तर १२ ते १४ दिसतील. आणि घाट चढण्याआधी मेढ्यातच एकदा बटण दाबून बघा. हॉर्न बिघडल्याचं वळणावर कळून उपयोग नाही.