कोंबडीच्या पिलांची निद्रा

दिवेलागणीच्या सुमारास परसात कोंबड्यांची जी लगबग उडते, ती आपल्यापैकी बहुतेकांच्या पाहण्यातली आहे. दिवसभर माती उकरीत हिंडणाऱ्या कोंबड्या कोणी हाकलले नसतानाही एकामागून एक खुराड्याकडे, आमच्या कोंकणीत ज्याला गूड म्हणतात तिकडे, वळू लागतात. अंधुक उजेडात कोंबडीला नीट दिसत नाही. म्हणून पुरता काळोख होण्यापूर्वी उंच व निर्धोक जागा गाठणे हे तिच्या दृष्टीने जीवनमरणाचे काम असते. पिलांची रीत मात्र निराळी. ती दांडीकडे ढुंकूनही पाहत नाहीत. जमिनीवरच एकमेकांस बिलगून पडतात आणि कित्येकदा पाय ताणून, मान टाकून अशी निजतात की, पाहणाऱ्याच्या पोटात धस्स व्हावे. गेल्या पावसाळ्यात आठवीतील एका मुलीने काळजीच्या स्वरात मला विचारले, "बाई, आमची पिले दांडीवर का बसत नाहीत? आजारी तर नसतील ना?"

ती आजारी नव्हती. अंड्यातून निघालेल्या पिलाच्या अंगावर खरी पिसे नसतात, केवळ लव असते. आपल्या देहाची ऊब राखण्याचे सामर्थ्य त्याच्या ठायी अद्याप आलेले नसते. पहिल्या आठवड्यात त्याला सुमारे ३५ अंश सेंटिग्रेड उष्णता लागते. पुढे दर आठवड्यास ती तीनेक अंशांनी कमी केली तरी चालते. आई असेल तर ती पंख पसरून सगळ्यांना पोटाखाली घेते. आई नसेल तर पिले एकमेकांचीच ऊब शोधतात.

हे मी पुस्तकात वाचण्यापूर्वी फार महाग किंमत देऊन शिकले. काही वर्षांपूर्वी बाजारातून वीस पिले आणून मी ती एका लाकडी खोक्यात ठेवली आणि वर विजेचा दिवा टांगला. मृगाच्या पहिल्या पावसात रात्री वीज गेली. सकाळी पाहते तो सारी पिले एका कोपऱ्यात रचल्यासारखी झालेली, आणि तळाची सहा मेलेली! गारठ्याने नव्हे, वरच्यांच्या भाराखाली गुदमरून. सासूबाई एवढेच म्हणाल्या, "पिले डालग्यात ठेवायची, खोक्यात नव्हे." त्यांच्या बोलण्यातले मर्म माझ्या ध्यानी फार उशिरा आले. बांबूचे डालगे वाटोळे असते. त्याला कोपराच नसतो, मग पिले चेंगरणार कोठे? कुक्कुटपालनाची आधुनिक पुस्तकेही पिलांभोवती गोल कडे करावयास सांगतात, ते याच कारणासाठी.

आता दांडीविषयी. आपल्या पाळीव कोंबड्यांचा मुख्य पूर्वज म्हणजे तांबडा रानकोंबडा. (आपल्या सह्याद्रीत आढळतो तो करडा रानकोंबडा वेगळा, पण पाळीव कोंबड्यांच्या पायांचा पिवळा रंग त्याच्याकडून आला असावा, असे २००८ साली संशोधकांनी दाखविले.) रानकोंबडी पिले लहान असेतो त्यांच्यासह जमिनीवरच रात्र काढते आणि पिसे फुटून पंखांत बळ आले म्हणजे त्यांना फांदीवर नेते. परसातील पिलेही दुसऱ्या आठवड्यापासून विटेवर, काटकीवर उड्या मारू लागतात. तो निव्वळ खेळ समजू नये. स्वीडनमध्ये २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसून आले की, ज्या पिलांना आरंभीचे आठ आठवडे दांडी मिळाली नव्हती, त्यांना मोठेपणी उंचावरचे खाद्य गाठणे जड गेले. चढण्याची विद्या बालपणीच गिरवावी लागते.

म्हणून दांडी लवकर ठेवावी, परंतु प्रारंभी वीतभर उंचीवरच. ती फार बारीक नसावी. दोन बोटे जाड, गुळगुळीत केलेली असावी. निजलेली कोंबडी खाली का पडत नाही, असे मुले हमखास विचारतात. ती पाय दुमडून बसते तेव्हा पायामागील स्नायुरज्जू ताणले जातात व बोटे दांडीभोवती आवळली जातात, असे पाठ्यपुस्तके सांगतात. स्टार्लिंग पक्ष्यांवर झालेल्या अलीकडच्या अभ्यासाने या स्पष्टीकरणाविषयी थोडी शंका उत्पन्न केली आहे. निर्विवाद आणि त्याहून नवलाची गोष्ट अशी की, कोंबडी एक डोळा उघडा ठेवून अर्ध्या मेंदूने निजू शकते. उदमांजराच्या मुलखात हा गुण केवढा मोलाचा!

त्या मुलीने माझे ऐकून खुराड्यात वीतभर उंचीवर एक बांबू आडवा बांधला. पंधरा दिवस पिलांनी त्याची दखलही घेतली नाही. मग एके संध्याकाळी एक धीट तलंग वर जाऊन बसली, आणि तिच्यामागून, पुष्कळ धडपड व भांडण करून, आणखी चार. उरलेली दोन तिने मला कळविले त्या दिवशीदेखील बांबूच्या खालीच, एकमेकांच्या पंखांत चोची खुपसून निजत होती.