होल्डवर ठेवलेला कर्नल

सकाळी ७ : जळगाव एमआयडीसीतली दालमिल. तुरीचे ट्रक यायच्या आत सर्व्हर अपडेट करायचा आहे. त्यावर उबंटू २२.०४ आहे आणि वजनकाट्याच्या सिरियल कार्डाचा ड्रायव्हर एकाच कर्नलवर तपासलेला. म्हणून कर्नलची पॅकेजेस होल्डवर आहेत. शेठ विचारतात, "भाऊ, काटा बंद तं नाही पडणार ना?"

७.३० : 'एपीटी अपग्रेड' दिलं की 'केप्ट बॅक' अशी यादी येते. तीत तीन तऱ्हेची पॅकेजेस एकत्र असतात. काही आपणच होल्ड केलेली. ती 'एपीटी-मार्क शोहोल्ड' वेगळी दाखवतं. काहींसाठी दुसरं पॅकेज काढावं लागतं आणि 'अपग्रेड' कधीच काही काढत नाही. तिथे 'फुल-अपग्रेड', पण काय जाणार ते वाचूनच 'वाय' दाबायचं. उरलेली उबंटू टप्प्याटप्प्याने सोडतं, आपली पाळी यायची असते. त्यांना हात लावायचा नाही.

९ : पहिल्या ट्रकची पावती छापून निघाली. निघालो.

११ : धुळ्याची एसटी. एरंडोल ते पारोळा फोनवरच. पलीकडच्याला 'हेल्ड ब्रोकन पॅकेजेस' असा एरर आलाय आणि तो होल्ड शोधतोय. होल्ड बहुधा नसतोच. भलतीच रिपॉझिटरी जोडल्याने डिपेंडन्सी जुळत नसतात. "आधी सोर्सेस लिस्ट वाच," सांगितलं.

दुपारी २ : धुळ्यात जिनिंगच्या ऑफिसात रॉकी लिनक्स. इथे डीएनएफचं 'व्हर्जनलॉक', डेटाबेसवर लावलेलं. एपीटी निदान बोलतं तरी. डीएनएफ लॉक केलेल्याचं नावही काढत नाही, 'नथिंग टू डू' म्हणून मोकळं. सुरक्षेची दुरुस्तीही मग बाहेरच राहते. मात्र लॉकची यादी साधी मजकुराची फाइल असते. 'हॅश' लावून तिच्यात कारण लिहिता येतं. एपीटीच्या होल्डला तशी जागाच नाही, त्यामुळे कोणी, कधी, कशासाठी होल्ड लावला हे मी वहीत टिपतो. कारण हरवलं की होल्ड काढायला कोणी धजत नाही आणि मशीन वर्षानुवर्षं जुन्या भोकांसकट चालत राहतं.

संध्याकाळी ७.३० : परत दालमिल, दिवसाचं काम संपून काटा बंद झालेला. वहीतलं कारण आज संपवायचं : 'अनहोल्ड', नवा कर्नल, त्यावर ड्रायव्हर पुन्हा कंपाइल, रीबूट. प्रमाणित वजनं ठेवून पाहिली, स्क्रीनवर आकडा बरोबर आला. जुना कर्नल ग्रबच्या मेन्यूत तसाच ठेवलाय. उद्या काही अडलंच तर शेठचा माणूस तो निवडून काटा सुरू करेल. आठवडाभर नीट चाललं की तोही काढून टाकायचा.