घरच्या शेडसाठी एअर कॉम्प्रेसर : एचपी नको, आधी हवेचा हिशोब करा



पश्चिम किनाऱ्यावर केंद्र सरकारची मासेमारी बंदी १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस असते. राज्याचा आदेश कधी त्याहून पुढे जातो, तो दरवर्षी बघून घ्यावा. या दिवसांत बोटी वर ओढलेल्या असतात, इंजिन उघडलेलं असतं, आणि बमरोलीतल्या आपल्या बऱ्याच घरांच्या शेडमध्ये दुरुस्तीचं काम निघतं. मग संस्थेत प्रश्न येतो की घरी एक कॉम्प्रेसर घेऊन टाकावा का आणि कितीचा घ्यावा.

कमाई थांबलेल्या दिवसांतला हा खर्च आहे. चुकीचं मशीन घेतलं तर ते कोपऱ्यात पडून राहतं आणि पुन्हा भाड्याचं आणावं लागतं. म्हणून आम्ही जे सांगतो ते इथे लिहून ठेवत आहोत.

१) आधी काम ठरवा

कागदावर लिहा, तुम्हाला हवा कशासाठी पाहिजे.

इंजिनचा एअर फिल्टर फुंकणं, डिझेलची नळी साफ करणं, टेम्पोच्या चाकात हवा भरणं ही हलकी कामं. गंजलेले नट इम्पॅक्ट गनने सोडवणं हे मधलं काम. हवा जास्त लागते, पण थोडा थोडा वेळ. बोटीला स्प्रेने रंग मारणं, सँडरने फायबर घासणं, लोखंडी नांगर-साखळीचा गंज काढणं ही जड कामं, कारण त्यांना सलग हवा लागते.

हलक्या कामाला १ एचपीचं मशीन पुरतं. इम्पॅक्ट गनसाठी २ एचपी आणि किमान ५० लिटरची टाकी धरा. रंगाचं काम गनवर अवलंबून असतं. लहान गन २ एचपीवर थांबून थांबून चालते, मोठी चालत नाही. सँडर आणि ग्राइंडर मात्र घरगुती मशीनवर चालवायचा विचार सोडून द्या. का, ते पुढे बघा.

२) टाकी म्हणजे साठा, हवा देतो तो पंप

दुकानात एचपी आणि टाकीचे लिटर सांगतात. आपण विचारायचं ते सीएफएम, म्हणजे मिनिटाला किती घनफूट हवा मिळते. १ सीएफएम म्हणजे मिनिटाला सुमारे २८ लिटर. तेही ६ बारच्या आसपास, म्हणजे जवळजवळ ९० पीएसआय दाबाला किती मिळते ते विचारा. पेटीवर बहुतेक वेळा पंपाचा नुसता कागदी आकडा असतो. हातात येणारी हवा त्याच्या साधारण ६० ते ७५ टक्केच असते. साधा अंदाज असा की चांगल्या पिस्टन कॉम्प्रेसरला दर एचपीला ३ ते ४ सीएफएम.

आता हिशोब. २ एचपीचं मशीन ६ सीएफएम देतं, म्हणजे मिनिटाला सुमारे १७० लिटर. सँडरला १० सीएफएम, म्हणजे २८० लिटर लागतात. दर मिनिटाला ११० लिटर कमी पडले. ५० लिटरच्या टाकीचा दाब ८ बारवरून ६ वर येईपर्यंत तिच्यातून १०० लिटर हवा निघते. म्हणजे मिनिट पूर्ण व्हायच्या आत सँडर मलूल पडणार. मग तुम्ही थांबून राहायचं, आणि मोटर मात्र सतत तापत राहणार. टाकी दुप्पट केली तरी फक्त एक मिनिट वाढतं.

३) दुकानात घड्याळ लावून बघा

मशीन पसंत पडलं की दुकानदाराला टाकी भरायला सांगा. मग हवा सोडत दाब ६ बारच्या जरा खाली आणा, मशीन सुरू झालं की हवा सोडणं बंद करा. काटा ६ वरून ८ वर जायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा.

५० लिटरच्या टाकीत तेवढ्या वेळात १०० लिटर हवा जाते. ३५ सेकंद लागले तर मिनिटाला सुमारे १७० लिटर, म्हणजे ६ सीएफएम मिळाले. ७० सेकंद लागले तर निम्मेच. टाकी १०० लिटरची असेल तर वेळ दुप्पट धरा. जुनं मशीन घेताना ही परीक्षा सोडूच नका, पिस्टनच्या रिंगा झिजलेल्या असल्या तर इथेच कळतं.

दुसरं, मोटरची प्लेट वाचा. पेटीवर ३ एचपी आणि प्लेटवर २३० व्होल्टला ५ अँपिअर असेल, तर ती मोटर खरं तर सव्वा-दीड एचपीच्या वर नाही. खऱ्या २ एचपीच्या मोटरला ९-१० अँपिअर लागतात, आणि सुरू होताना त्याच्या कित्येक पट करंट ओढला जातो. म्हणून घराचा मंजूर लोड आणि वायरिंग आधी तपासून घ्या.

४) तेलाचा की बिनतेलाचा?

बिनतेलाचा हलका असतो, देखभाल कमी, पण आवाज जास्त आणि आयुष्य कमी. हलक्या कामाला ठीक. वर्षानुवर्षं वापरायचा तर तेलाचा, पट्ट्यावर चालणारा घ्या. त्यात कॉम्प्रेसरचंच तेल घाला. इंजिनचं उरलेलं तेल घातलं तर व्हॉल्व्हवर कार्बन धरतो. हे मशीन सपाट जमिनीवरच ठेवायचं, कलतं राहिलं तर आतलं तेल सगळीकडे पोचत नाही.

पार्ट मिळतील असंच मशीन घ्या. पुण्याची किर्लोस्कर न्यूमॅटिक १९५८ पासूनची, कोइंबतूरची एल्जी १९६० पासूनची. मेक कुठलाही असो, रिंगा, व्हॉल्व्ह प्लेट, प्रेशर स्विच सुरतेत मिळतो का, हे विचारूनच पैसे द्या. आपल्या बमरोली-पांडेसरा पट्ट्यात कारखाने आहेत, मिस्त्रीही आहेत. मशीन घेण्याआधी एखाद्या मिस्त्रीला दोन शब्द विचारले तर फायदाच आहे.

५) हत्यारं कोणती?

पहिल्या वर्षी एवढंच घ्या : एअर गन, चाकात हवा भरायची गेज असलेली गन, अर्ध्या इंची इम्पॅक्ट गन आणि पाणी अडवणारा फिल्टर-रेग्युलेटर.

घासायला विजेचा ग्राइंडर-सँडर घ्या, तो स्वस्त पडतो. मात्र ओल्या जागी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवल्याशिवाय वापरू नका. फायबरची धूळ छातीत जाते, मास्क लावा, मुलांना लांब ठेवा.

इम्पॅक्ट गनला काळे इम्पॅक्ट सॉकेटच लावा. हाताच्या पान्याचे चकचकीत सॉकेट फुटून तुकडे उडतात. खाऱ्या पाण्याने धरलेल्या नटावर आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. बसवताना शेवटचा पीळ हातानेच द्या.

बोट लांब असेल तर हवेची नळी लांब घ्या, विजेची वायर नको. बारीक एक्स्टेंशनवर व्होल्टेज पडतं आणि मोटर जळते.

६) रोज पाणी काढा

आपल्याकडची हवा दमट. ती दाबली की टाकीत पाणी साचतं, आणि टाकी आतून गंजते. बाहेरून रंग छान दिसतो, तळ मात्र पातळ झालेला असतो. दाबाखाली अशी टाकी फुटली तर बॉम्बसारखी फुटते. काम संपलं की खालचा कॉक उघडून पाणी काढा. महिन्यातून एकदा सेफ्टी व्हॉल्व्हची कडी ओढून बघा. प्रेशर स्विच पिळून दाब वाढवू नका. टाकीला वेल्डिंगचा टाका मारून घेऊ नका, गळली की टाकी बदला. भर पावसात स्प्रेचा रंग मारू नका, ओल धरून रंग पांढुरका पडतो.

७) ही हवा श्वासाला नाही

हे सर्वात महत्त्वाचं. पंख्यात जाळं अडकलं की कुणीतरी म्हणतं, कॉम्प्रेसरची नळी तोंडात धर आणि उतर खाली. कृपा करून असं करू नका.

या हवेत तेलाची वाफ असते. शेजारी डिझेल इंजिन चालू असेल तर त्याचा विषारी वायूही ओढला जातो. त्याला वास नसतो, माणूस पाण्यातच बेशुद्ध होतो. १० मीटर खोलीवर दाब वरच्या दुप्पट असतो. तिथून श्वास रोखून वर आलं तर फुप्फुस फाटतं. फिलिपाइन्समध्ये मच्छीमार अशा नळीवर खोल उतरतात आणि लकवा येऊन आयुष्यभर जायबंदी झालेले, जीव गमावलेले तिथे आहेत. जाळं कापायला बोट उथळात घ्या, ओहोटीची वाट बघा, नाहीतर प्रशिक्षित पाणबुड्या बोलवा.

तसंच एअर गन अंगावर, कपड्यांवर मारू नका. मस्करीत शरीरात हवा सोडल्याने आपल्या देशात कामगारांचे जीव गेले आहेत. सफाईला दाब ३० पीएसआयच्या खाली ठेवा, डोळ्याला चष्मा लावा.

शेवटी आमचं मत. फुंकणं, हवा भरणं, नट सोडवणं एवढंच असेल तर २ एचपीचं एक चांगलं मशीन घरी असू द्या. रंगाच्या मोठ्या कामासाठी प्रत्येकाने वेगळा खर्च करण्यापेक्षा तीन-चार बोटमालकांनी मिळून एक मोठं मशीन घेतलेलं परवडतं. वर्षात दोन महिनेच तर लागतं.

खरेदीआधी कामांची यादी आणि मशीनच्या प्लेटचा फोटो घेऊन संस्थेत या. हिशोब आपण बसून करू.

आपले,
सचिव व कार्यकारी मंडळ